सोलापूरहून पहिल्यांदा विमानाने: तिकिटापासून रद्द फेरीच्या परताव्यापर्यंत

९ जून २०२५ला फ्लाय९१ या विमान कंपनीने सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टार एअरचे सोलापूर–मुंबई विमान आले. त्याआधी १६ एप्रिलला अलायन्स एअरने अमरावती–मुंबई सेवा सुरू केली होती. सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि रात्रीची बस यांवर वर्षानुवर्षे भिस्त असलेल्या घरांतून आता पहिल्यांदाच विमानाची तिकिटे काढली जात आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरणे बहुतेक सोलापूर–गोवा मार्गाची आहेत, पण जळगाव, नांदेड, कोल्हापूर, सिंधुदुर्ग इथल्या प्रवाशांनाही यातले जवळपास सगळे लागू पडते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मुंबई–दिल्ली मार्गावर एक विमान हुकले तर थोड्या वेळाने दुसरे असते. छोट्या शहराच्या स्वस्त सेवेत तसे नसते. एकच छोटे विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असते, तुमच्या गावी ते दिवसातून एकदा किंवा आठवड्यातले काही दिवसच येते, आणि ते बिघडले तर बदली विमान हाताशी नसते. तिकीट कधी काढायचे, बॅगेत काय ठेवायचे, पुढचे विमान किती अंतराने धरायचे, हे सगळे यावरूनच ठरते.

तिकिटाआधी मार्गाची चौकशी

छोट्या विमानतळांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्याचे विमान येते. सत्तर-पंचाहत्तर प्रवासी, वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर. मोठ्या जेटला लागते तेवढी लांब धावपट्टी याला लागत नाही आणि इंधनही कमी लागते, म्हणून कमी प्रवाशांच्या मार्गावर तेच परवडते. अमरावतीची धावपट्टी १,८५० मीटरची आहे, तिला हे विमान सोयीचे. धावपट्टीच्या लांबीइतकेच महत्त्व आजूबाजूच्या उंच बांधकामांना असते. सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी याच वादात सापडली आणि १५ जून २०२३ला पाडली गेली. त्यानंतरच इथल्या विमानसेवेचा मार्ग मोकळा झाला.

आता वेळापत्रक. भारतात विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होते. छोट्या मार्गांचे वार, वेळा, कधीकधी अख्खी सेवाच या दोन तारखांना बदलते. दिवाळीनंतरच्या लग्नासाठी ऑगस्टमध्ये तिकीट काढत असाल, तर ती तारीख हिवाळी वेळापत्रकात पडते का ते बघा आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वेळ पुन्हा तपासा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तारखेची विक्रीच सुरू नसेल, तर ‘लवकरच सुरू होईल’ या तोंडी आश्वासनावर हॉटेलचे पैसे भरू नका.

मार्ग कुणाच्या आधारावर चालतो, हेही कळायला हवे. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेत ठरावीक जागांच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षे भरून देते. केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा साधारणपणे २० टक्के. ही मुदत संपली की मार्गाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते, आणि बरेच मार्ग तिथेच कोलमडतात. सिंधुदुर्गाच्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ला मुंबईची सेवा सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत सरताच ती थांबली. सोलापूर–मुंबई मार्गासाठी राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून देण्याचा निर्णय घेतला. प्रवाशाने यातून एवढेच घ्यायचे: सेवा सुरू होऊन तीन वर्षे होत आली असतील, तर सहा महिने पुढचे तिकीट काढताना दुसरा पर्याय मनाशी धरून ठेवा.

तिकीट काढताना

पहिली चूक विमानतळाच्या निवडीत होते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, तर मोपा उत्तरेला पेडण्यात. फ्लाय९१चे मुख्य ठाणे मोपाला आहे. तिकिटावरच्या तीन अक्षरी खुणेवरून विमानतळ ओळखा: दाबोळीची जीओआय, मोपाची जीओएक्स. तुमचे लग्नघर मडगावला असेल तर मोपाहून बराच रस्ता कापावा लागेल. सावंतवाडीला जायचे असेल तर मोपाच जवळ. पणजी मोपाहून साधारण ३५ किलोमीटर. मुंबईचेही आता तसेच झाले आहे. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी विमाने सुटतात. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. सोलापूरहून एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरचे विमान पकडायचे ठरवले, तर मधल्या वाहतुकीतच अर्धा दिवस जाऊ शकतो.

दुसरी चूक नावात. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी जुळलेच पाहिजे. घरात ‘बाळासाहेब’ म्हणत असतील आणि आधारवर ‘विठ्ठल’ असेल, तर तिकिटावर विठ्ठलच हवे. लग्नानंतर आधारवर सासरचे आणि पॅनवर माहेरचे नाव असेल, तर विमानतळावर जे कार्ड दाखवणार आहात त्याप्रमाणे नाव घाला आणि प्रवासात तेच कार्ड जवळ ठेवा. मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे, राहिले तर सहसा अडत नाही. पहिले नाव आणि आडनाव यांची अदलाबदल मात्र टाळा. कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. म्हणून तिकीट हाती आले की लगेच, एकेक अक्षर लावून वाचा.

तिसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची, आणि ती सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. एजंटाकडून तिकीट काढले की तो पुष्कळदा स्वतःचाच क्रमांक टाकतो. फेरी रद्द झाल्याचा संदेश मग त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही सामान घेऊन होटगी रस्त्यावरच्या विमानतळापाशी उभे राहता. शिवाय, प्रवाशाने पुरेसा संपर्क दिला नसेल तर फेरी रद्द झाल्याची भरपाईही कंपनी नाकारू शकते. एजंटाला स्पष्ट सांगा: माझा क्रमांक, माझा ईमेल.

भाड्याबद्दल थोडे सविस्तर. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकल्या जातात. खालच्या दराच्या थोड्या जागा आधी संपतात, मग पुढचा टप्पा उघडतो. सत्तर जागांच्या विमानात खालच्या टप्प्यात फार जागा नसतात. एक लग्नाचे वऱ्हाड आले की संपल्या. चौघांची तिकिटे एकदम शोधली आणि खालच्या दराच्या तीनच जागा उरल्या असतील, तर बऱ्याच ठिकाणी चौघांनाही वरचा दर दिसतो. अशा वेळी एकट्याचा दर वेगळा बघा, मग ठरवा. मात्र मुले बरोबर असतील तर तिकिटे तोडू नका. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांजवळ जागा द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. पीएनआर वेगळा झाला की हा आधार जातो.

पडद्यावर दिसणारा पहिला आकडा अंतिम नसतो. मूळ भाड्यावर विमानतळ वापरशुल्क, सुरक्षाशुल्क, ५ टक्के जीएसटी आणि बहुतेक संकेतस्थळांवर प्रत्येक प्रवाशामागे सुविधा शुल्क चढते. विमा, जेवण, आवडीची जागा यांच्या खुणा कधीकधी आधीच केलेल्या असतात, त्या पैसे भरण्यापूर्वी काढा. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असताना तिकीट काढले असेल, तर ४८ तासांच्या आत रद्दीचे शुल्क न भरता ते रद्द करता येते. तारीख चुकली, मत बदलले, तर ही मुदत वापरा.

आणि कंपनीचा फोन क्रमांक गूगलवर शोधून लावू नका. नव्या, लोकांना फारशा माहीत नसलेल्या कंपन्यांच्या नावाने खोटे ‘कस्टमर केअर’ क्रमांक टाकणारे ठग टपून बसलेले असतात. क्रमांक तिकिटावरूनच घ्या. परताव्यासाठी कुणी ओटीपी मागितला किंवा फोनवर एखादे अ‍ॅप घालायला सांगितले, तर फोन तिथेच ठेवून द्या.

सामान

देशांतर्गत स्वस्त कंपन्यांत सर्वसाधारण तिकिटावर १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग चालते. काही कंपन्यांचे सर्वांत स्वस्त तिकीट मात्र फक्त हातातल्या बॅगेपुरतेच असते, तेव्हा दर ताडून पाहताना हे बघा. काउंटरवर जादा वजनाला किलोमागे पाचशेच्या पुढे पडतात. तेच आगाऊ ऑनलाइन घेतले तर कमी. सोलापुरी चादरी भेट म्हणून न्यायच्या असतील तर घरीच वजन करा. साधा हाती धरायचा वजनकाटा बॅगेच्या पट्ट्याला अडकवला की झाले. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठ्या विमानात बसणारी चाकांची कडक बॅग तिथे मावत नाही आणि ती विमानाजवळच काढून घेऊन खाली टाकतात. कापडी, दबणारी बॅग घ्या.

काय कुठे ठेवायचे:

- पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तास, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला तुम्हाला परत बोलावतात, आणि त्यात विमान हुकू शकते.
- शेंगाचटणी, लाल तिखट, काळा मसाला, लोणचे, तूप, तेल हे सगळे मोठ्या बॅगेत. तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही. चटणी दोन पिशव्यांत घालून वर डबा.
- कडक भाकरी, चिवडा, लाडू हातात चालतात.
- सुके खोबरे कुठेच नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. ओटीच्या सामानातली खोबऱ्याची वाटी पुष्कळांची अशीच विमानतळावर राहते.
- काडेपेटी, लायटर घरी. कात्री, अडकित्ता, चाकू मोठ्या बॅगेत.
- औषधे, चष्मा, दागिने, कागदपत्रे, लग्नाला घालायचा एक जोड हातातल्या बॅगेत.

शेवटच्या ओळीमागे कारण आहे. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. गरम हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते. तेवढ्याच धावपट्टीवरून सुरक्षित उडायचे तर वजन कमी करावे लागते. मग काही बॅगा मागे ठेवतात आणि पुढच्या फेरीने पाठवतात. पुढची फेरी परवा असेल तर तुमची बॅगही परवाच येते. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बाहेर पडल्यावर दाद मिळणे कठीण होते.

परतीच्या वाटेवर गोव्याहून कोकमाचे आगळ, काजू आणायला हरकत नाही. आगळ मोठ्या बॅगेत ठेवा. दारूबद्दल विमान कंपनीचा नियम आणि राज्याचा कायदा वेगवेगळे आहेत, हे ध्यानात घ्या. मोठ्या बॅगेत सीलबंद बाटल्या ठरावीक मर्यादेत विमानात चालतात, पण गोव्यापुरती विक्रीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे.

प्रवासाचा दिवस

वेब चेक-इन, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच हजेरी लावून विमानात चढण्याचा पास (बोर्डिंग पास) घेणे, बहुतेक कंपन्यांत ४८ तास आधी सुरू होते. जागेचे पैसे मागणारा पडदा आला तरी घाबरू नका: पुढे जाण्याचा किंवा जागा कंपनीवर सोडण्याचा पर्याय बहुधा खाली असतो. तोही नसेल तर काउंटरवर जागा मिळते. बोर्डिंग पास फोनमध्ये जतन करा आणि कागदावरही घ्या, कारण ऐन वेळी बॅटरी संपते आणि नेटही दगा देते.

काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होतो, विमानाकडे सोडणारे फाटक (बोर्डिंग गेट) २० ते २५ मिनिटे आधी. ‘आपला छोटा विमानतळ आहे, गर्दी कुठे असते’ असे म्हणून अर्धा तास आधी येणाऱ्यांची तिकिटे इथेच वाया जातात. गर्दी नसली तरी काउंटर ठरल्या मिनिटाला बंद होतो. कारण वजनाचा अंतिम हिशेब वैमानिकाकडे द्यायचा असतो आणि तीच माणसे मग विमानाजवळ कामाला जातात. दीड-दोन तास आधी पोहोचा.

क्रम असा: दारावर तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवा, काउंटरवर मोठी बॅग द्या, तिच्या पावतीचा तुकडा जपून ठेवा, मग सुरक्षा तपासणी. पट्टा, पाकीट, फोन, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवायचे. महिलांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. पुणे, मुंबईत चेहऱ्यावरून प्रवेश देणारी डिजियात्रा आहे, पण ती ऐच्छिक आहे; नसली तरी काही अडत नाही. विमानाकडे चालत किंवा बसने नेतात. एटीआरचे प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते, त्यामुळे पुढच्या ओळीतल्यांना आतून लांब चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी मागच्या ओळीची जागा मागा. चाकाची खुर्ची हवी असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा.

हे विमान मोठ्या जेटपेक्षा खालून, जास्तीत जास्त साडेसात हजार मीटरवरून उडते. पावसाळ्यात ढगांतून जाताना हादरे बसतात. हादऱ्याने विमानाला धोका नसतो, पट्टा बांधलेला असला की तुम्हालाही नाही. कान दडपले तर आवंढा गिळा, जांभई द्या. तान्ह्या बाळाला उतरताना पाजा.

निघण्याआधी येणारे विमान कुठे आहे ते पाहणे, ही छोट्या मार्गावरची फार उपयोगी सवय आहे. तुम्हाला नेणारे विमान बहुधा तेच, जे गोव्याहून आत्ता येत आहे. फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर ते गोव्यातच उभे दिसले, तर उशीर ठरलेला. तरीही काउंटरच्या वेळेला पोहोचायचेच. कंपनीने अधिकृत वेळ बदलेपर्यंत जुनी वेळच खरी.

उशीर, रद्द आणि पैसे

सकाळचा अर्ध्या तासाचा उशीर दुपारपर्यंत वाढत जातो, कारण तेच विमान पुढच्या फेऱ्या करते. शिवाय ज्या विमानतळांवर उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नाही, तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. त्यासाठी साधारण ५ किलोमीटरची दृश्यता हवी. धुके, पाऊस, धूळ यांत ती मिळत नाही. मग विमान येतच नाही, किंवा घिरट्या घालून परत जाते.

अशा छोट्या मार्गावर दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर काउंटरवर थांबलेल्यांना खाणे-पिणे मिळायला हवे. सहा तासांच्या वर गेला तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. फेरी रद्द झाली आणि वेळेत कळवले नाही, तर परताव्यावर भरपाईही असते: तासाभराच्या फेरीला ५,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी ते. स्वस्त तिकिटावर त्यामुळे भरपाई बहुधा भाड्याइतकीच होते. हवामान किंवा तत्सम कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने रद्द झाले, तर भरपाई नाही, परतावा मात्र आहेच. म्हणून रद्दीचे कारण लेखी मागा, निदान संदेशात.

जोडविमानात, म्हणजे वाटेत उतरून पुढचे विमान पकडायचे असते तेव्हा, तर सगळ्यांत जास्त नुकसान होते. सोलापूर–मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई–दुबई दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली, तर पहिले उशिरा आल्याचे दुसरीला देणेघेणे नसते. बॅगही मध्ये स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते. देशातले पुढचे विमान असेल तर किमान चार-पाच तास मोकळे ठेवा. परदेशी असेल, किंवा परीक्षा, शस्त्रक्रिया, मुहूर्त असेल, तर आदल्या दिवशी पोहोचा. एका रात्रीच्या खोलीचे भाडे बुडालेल्या परदेशी तिकिटापुढे काहीच नाही.

तुम्ही स्वतः रद्द केले, तर रद्दीचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन शुल्क यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकीट ‘परतावा नाही’ या प्रकारचे असले, अगदी विमान हुकले असले, तरी विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात. पुष्कळ लोक हे पैसे मागतच नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून परताव्याची मागणी करा. एजंटामार्फत तिकीट असेल तर मागणीही त्याच्यामार्फत करा, मात्र परतावा मिळवून देण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. उत्तर आले नाही तर एअरसेवा या सरकारी संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. सोबत तिकीट, बोर्डिंग पास, बॅगेची पावती आणि कंपनीचे संदेश यांची छायाचित्रे जोडा. तारीख, फेरी क्रमांक आणि किती रक्कम येणे आहे एवढे तीन ओळींत लिहा.